सायकलीचा कौल

“लेडीज उजवीकडे, जेंट्स डावीकडे,” शांताराम गुरव म्हणाला. “चालेल ना वहिनी?”

मी मान हलवली. त्याने वाघजाईच्या पाषाणावर पाणी शिंपडलं, पोफळीच्या फुलोऱ्यातल्या दोन कळ्या ओल्या केल्या आणि एक देवीच्या उजव्या खांद्याला, एक डाव्या खांद्याला अलगद चिकटवली. आमच्या गावात काही अडलं की असा कौल लावतात. विहीर कुठे खणायची, स्थळाला होकार द्यायचा का, घराचं तोंड कुठे करायचं. ज्या बाजूची कळी आधी पडेल ती देवीची इच्छा. सायकलीसाठी कौल मागायला मात्र आजवर कोणी आलं नव्हतं, त्यामुळे शांतारामच्या मिशीत हसू होतं.

“गाऱ्हाणं काय घालू?”

“विचार, कुठली सायकल घ्यावी.”

“एवढंच?”

“एवढंच रे. बाकी सगळं ठरलंय.”

माझ्या मागे खांबाला टेकून हे उभे होते. त्यांच्या पलीकडे हेमा, आमची मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. शांतारामने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, “आई वाघजाई, मोरेश्वर वर्तकांचं कुटुंब तुझ्या पायाशी आलंय. त्यांना सायकल घ्यायची आहे. बिनदांडीची लेडीज घ्यायची असली तर उजवा दे, दांडीची जेंट्स घ्यायची असली तर डावा दे. लेकरांना घोळात ठेवू नकोस.”

घोळात तर मी आधीच होते.

हेमा त्या जूनमध्ये अलिबागच्या कॉलेजात जायला लागली होती. आमच्याकडून सकाळी निघणारी एस.टी. दोन गावांना वळसा घालून जाई आणि पहिले तास बुडत. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजने बजावलं होतं. दिवाळीनंतर वेळेवर येणार असाल तर या, नाहीतर घरी बसा, असा सरळ हिशेब. ह्यांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे माझ्या वन्संना, ते ऐकून बरंच वाटलं असावं. “बसू दे की घरी,” त्या म्हणाल्या. “माझ्या दिराचा मुलगा तुम्ही पाहिलेलाच आहे.” त्यावर हेमा दोन दिवस जेवली नाही. शेवटी हे म्हणाले, “सायकल घेऊ. नवरात्र संपायच्या आत. कुठली घ्यायची ते तू ठरव, मला मागाहून ऐकून घ्यायचं नाही.”

मी सायकलीला आयुष्यात हात लावला नव्हता.

पहिल्यांदा आम्ही अलिबागला आवासकरशेठच्या दुकानात नुसतं बघायला गेलो. डॅनियल आवासकर म्हणजे आमच्या भागातले जुने बेने इस्रायली, इथलेच मराठी यहुदी. त्यांचे बरेच नातेवाईक तिकडे परदेशी गेले, हे मात्र दुकान धरून राहिले. शनिवारी दुकान कडकडीत बंद. माझाही शनिवारचा उपास असतो, म्हणून मला पाहिलं की ते म्हणत, “वहिनी, तुमचा शनिवार आणि माझा शनिवार वरती कुठेतरी भेटत असणार.”

त्यांनी एकेक सायकल बाहेर काढली. ही लेडीज, मधली दांडी नाही, साडी नेसून चढता येतं, पुढे टोपली. पण चाक बारीक, वाळूत रुतेल. ही जेंट्स, डबल दांडी, टायर जाड. पण जड. ही नवीन निघालीय, हँडल सरळ, शहरातली मुलं घेतात, पण हिला मडगार्ड नाही. चिखल थेट पाठीवर. पूर्ण चेनकव्हर घ्या म्हणजे ओढणी अडकणार नाही. पण पूर्ण चेनकव्हरच्या आत खारी हवा कोंडते, चेन गंजते. मग अर्धं घ्या. पण अर्ध्यात ओढणी अडकते.

“शेठ, म्हणजे घ्यायचं कुठलं?” मी विचारलं.

“ते चालवणार कोण त्यावर आहे. चालवणार कोण, वहिनी?”

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “घरातली सायकल, घरातले सगळे वापरतील.”

घरी आल्यावर ज्याला विचारावं त्याचं निराळंच. हे म्हणत, “सायकल म्हणजे दांडीची. बिनदांडीची सायकल म्हणजे खुंट नसलेलं जातं. आणि कॅरिअर रुंद हवं, भक्कम.” मला वाटलं नारळाची पोती न्यायला म्हणत असतील. वन्सं म्हणाल्या, “पोरीच्या जातीला लेडीजच बरी दिसते. टांग टाकून बसली तर लोक काय म्हणतील?” शेजारच्या काकूंच्या मते लेडीज सायकल मधून मोडते. त्यांच्या भाच्याच्या मते जेंट्स मोडते.

हेमाला विचारलं तर ती म्हणे, “तू ठरवशील ती.”

“अगं, पण तुला कुठली आवडते?”

“मला कॉलेजात जायला मिळालं की झालं, आई.” आणि ती बाबांकडे बघे, आणि बाबा दुसरीकडे.

मी रात्री जपाला बसले की माळेच्या मण्यांतून चेनकव्हर, मडगार्ड, टोपली असं काहीतरी फिरू लागे. मन लागेना. म्हणून घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी ओटी घेऊन वाघजाईकडे आले. तिने सांगितलेलं मी कधी मोडलं नव्हतं. माझं लग्नसुद्धा माहेरी कौलावरच ठरलं होतं.

गाभाऱ्यात समई फडफडली. दोन्ही कळ्या तशाच. शांताराम पुटपुटला, “विचार करतेय. तिनेही कधी सायकल घेतली नसेल.” हे खांबाजवळून खाकरले.

डावीकडची कळी घसरली, जराशी थांबली आणि पायाशी पडली.

“डावा,” शांताराम म्हणाला. “दांडीची.”

ह्यांनी समाधानाने हात जोडले. मी मागे वळून हेमाकडे पाहिलं. रडली नाही ती. मी दिलेला खोबऱ्याचा तुकडा तिने हातावर घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, “देवीचं म्हणणं असेल तर तसं.” पण तो तुकडा घरी पोहोचेपर्यंत तिच्या मुठीतच होता. मला काही समजेना. कॉलेजात जायला मिळालं की झालं म्हणाली होती, आणि आता सायकल तर येणार होती.

नवरात्रात माझा एक नेम असतो. सकाळी उठल्यापासून देवळात जाऊन वाघजाईला दिवा ओवाळेपर्यंत मी बोलत नाही. कोणाशीच नाही. देवळाला मी समुद्राच्या कडेने अनवाणी जाते, दहा पावलं लांब पडलं तरी. कौलानंतर दोन-तीन दिवसांनी अशीच चालले होते. ओहोटी होती. ओहोटीची ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असते. तिच्यावर चाकाच्या रेघा उमटलेल्या दिसल्या, वळणं घेत गेलेल्या. पुढे कोळीवाड्यातली चांगुणा, हेमाची मैत्रीण, हात हवेत करून धावत होती.

“सोडलं गं, सोडलं. मागे बघू नको.”

आणि पुढे, चांगुणाचा बाप जिच्यावर बर्फाची पेटी न्यायचा त्या उंच, काळ्या, दांडीच्या सायकलीवर आमची हेमा होती. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओढणी कमरेला आवळून. ती पार बंधाऱ्यापर्यंत गेली, वळली आणि वळताना समोर मी दिसले.

ती धाडकन पडली.

माझं मौन. मी हाक मारू शकत नव्हते, रागावू शकत नव्हते, लागलं का म्हणून विचारूही शकत नव्हते. ती वाळूतून उठली, कोपर झटकलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत असणार. मी तांब्यातलं पाणी तिच्या कोपरावर ओतलं आणि पुढे चालू लागले. मागून चांगुणाचा दबका आवाज आला, “काकी घरी सांगतील?” हेमा म्हणाली, “आईचं मौन आहे.” “पण ते देवळात सुटतं ना?”

देवळात सुटलं. तरी मी घरी कोणाला सांगितलं नाही. मुलीला सायकल येते, दांडीची येते, मग दांडीच्या सायकलीचं नाव निघालं की तिचा चेहरा का उतरतो?

दसरा त्या वर्षी शनिवारी आला. आवासकरशेठचं दुकान बंद, म्हणून आम्ही सायकल खंडेनवमीला, शुक्रवारीच आणायची ठरवली. हत्यारांच्या आणि वाहनांच्या पूजेचा दिवस, त्यामुळे तेही योग्यच होतं. नव्या वाहनाने आधी ग्रामदेवीचं तोंड बघायचं, मग घराचं, ही आमच्याकडची पद्धत. म्हणजे सायकल दुकानातून थेट देवळात जाणार, आणि मी तिथे दिवा ओवाळेपर्यंत माझं मौन. पूजेचं तबक फडक्यात बांधून घेतलं आणि आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.ने निघालो.

“वहिनी, या,” आवासकरशेठ म्हणाले. “काय ठरलं मग?”

मी हसून हात जोडले.

“तिचं मौन आहे,” हे म्हणाले. “नवरात्राचं.”

“अरे वा. म्हणजे आज भाव करायला तुम्ही एकटेच.”

“भाव कसला शेठ, कौल लागलाय. दांडीची, काळी.”

शेठनी सायकल बाहेर आणली, हवा भरली, घंटी वाजवून दाखवली. ह्यांनी मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं.

“हे बारीक आहे. याहून रुंद बसवा. आणि वर गादी मिळते ना रेक्झिनची, ती लावा. पोरीला रोज बसायचंय मागे.”

“मागे?” शेठनी विचारलं.

“मग? मी नेऊन सोडणार, मीच आणणार. सुरूच्या बनातून दीड मैल रस्ता आहे, माणूस दिसत नाही तिथे. एकटी कशी पाठवू?”

“आणि सुपारी उतरवायचे दिवस आले की?”

“तेव्हा राहील घरी थोडे दिवस. त्यात काय.”

मी हेमाकडे पाहिलं. ती दुकानातल्या त्या टोपलीवाल्या लेडीज सायकलीची घंटी पुसत होती. ओढणीच्या टोकाने, अगदी सावकाश. तिला हे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लेडीज सायकल ह्यांनी चालवली नसती, चारचौघांत त्यांना लाज वाटली असती, मग ती हेमालाच चालवावी लागली असती. आणि दांडीची आली की हे पुढे आणि हेमा मागे. सुपारी उतरवायचे दिवस, नारळाचे दिवस, भाताचे दिवस, ह्यांची कंबर धरायची ते दिवस. हजेरी तिथेच संपली असती. टायर जाड की बारीक, चेनकव्हर पूर्ण की अर्धं, यात मी महिनाभर गुंतून पडले होते आणि दोघं बापलेक माझ्या डोक्यावरून भलत्याच गोष्टीवर भांडत होते, तेही न बोलता.

आणि देवीने डावा दिला होता.

ते मला मोडता येणार नव्हतं. लेडीजकडे बोट दाखवणं माझ्याच्याने झालं नसतं. बोलायचं तर देवळापर्यंत नाही. शेठ गादी बसवत होते आणि मी तबक धरून उभी होते. काय करावं ते सुचत नव्हतं, खरंच नव्हतं. मी फडकं सोडलं, सायकलीच्या हँडलला हळदकुंकू लावलं, एवढं तरी करावं म्हणून. मग हेमाचा हात धरून तिला जवळ आणलं आणि तिचा हात हँडलवर ठेवला. दुसराही.

“अगं, हे काय?” हे म्हणाले.

मी सीटला कुंकू लावलं आणि सीटवर थोपटून हेमाकडे पाहिलं.

आवासकरशेठनी पाना खाली ठेवला. “कळलं. कुमारिकेने आधी बसायचं. बरोबर ना वहिनी?”

मी गप्प. मान हो म्हणूनही हलवली नाही, नाही म्हणूनही नाही.

“देवीपर्यंत कुमारिकेनेच न्यायची असेल,” शेठ ह्यांना म्हणाले. “तुमच्यात असं असतं का?”

“आमच्यात?” हे गोंधळले. “असेलही. हिचे नेम मला कुठे सगळे ठाऊक आहेत. रोज एक नवीन असतो.”

“मग मोडू नका बुवा. धर्माचं काम.”

“पण हिला येते कुठे चालवता?”

हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या कोपराकडे पाहिलं, जिथे खपली धरली होती.

“येते थोडी,” ती म्हणाली.

“कधी शिकलीस?”

“ओहोटीला.”

ह्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते म्हणाले, “आणि सुरूच्या बनातून एकटी जाणार?”

त्यावर मी तबक पुन्हा फडक्यात बांधलं, पदर खोचला आणि रेक्झिनच्या त्या नव्या गादीवर एका बाजूला पाय सोडून बसले. माझ्या वयाची बाई सायकलीच्या मागे बसलेली आमच्याकडे कोणी पाहिली नसेल. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले.

शेठ हसत म्हणाले, “उपासाने हलक्या झाल्यात म्हणून बरं. गादी मापाची बसली.”

“पडाल दोघी,” हे म्हणाले. “मी काय करू मग?”

“तुम्ही एस.टी.ने जा, मोरेश्वरराव. पुढच्या सीटवर बसा म्हणजे वाटेत दिसतील.”

हेमाने टांग टाकली. सायकल पहिल्यांदा डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मी तबक पोटाशी धरून मनात वाघजाईचं नाव घेत होते, आणि मग ती सरळ झाली. अलिबाग मागे पडलं. हेमा पायडल मारत होती. मला बोलता येत नव्हतं. तिच्या पाठीवर घामाचा डाग मोठा होत गेला. सुरूच्या बनात सावली होती, वाऱ्याचा आवाज होता आणि खरोखरच माणूस नव्हतं. तिथे ती म्हणाली, “आई, तू घाबरलीस?”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. घाबरले होते. बनाला नाही. देवीला काय सांगायचं, याला.

मागून एस.टी. आली आणि ओलांडून गेली. खिडकीत ह्यांचं तोंड दिसलं, मान वळवून बघणारं.

देवळापाशी पोहोचलो तेव्हा हे पायरीवर उभे होते. हेमाने सायकल पायरीजवळ लावली. मी आत गेले, ओटी भरली, दिवा ओवाळला. बाहेर येऊन सायकलीला ओवाळलं. शांतारामने नारळ फोडून पाणी चाकावर शिंपडलं. माझं मौन सुटलं.

“आता बोल,” हे म्हणाले. “कुमारिकेने वाहन आणायचं, हा नेम कुठला? माझ्या आईने कधी केला नव्हता.”

“नेम नाहीये तसा,” मी म्हटलं. “शेठना तसं वाटलं. मला बोलता येत नव्हतं.”

“म्हणजे मला बनवलंत.”

“नाही हो. कौल दांडीच्या सायकलीचा होता, दांडीची घेतली. तो मी मोडला नाही. पण चालवायची कोणी, हे आपण देवीला विचारलंच नव्हतं. मी शांतारामला म्हटलं, बाकी सगळं ठरलंय. मला कुठे ठाऊक होतं काय ठरलंय ते.”

ह्यांनी हेमाकडे पाहिलं. ती हँडल धरून उभी होती, सोडत नव्हती.

“मग आता विचार,” हे म्हणाले. “शांताराम, लाव कळ्या. मी उजवीकडे, हेमा डावीकडे. देवी सांगेल ते मी ऐकेन. तू ऐकशील ना?”

माझ्याच शब्दांत त्यांनी मला धरलं होतं. शांतारामने फुलोऱ्यातून दोन कळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या आणि गाभाऱ्यात गेला. हेमाने डोळे मिटून घेतले. मी देवीकडे पाहिलं. तिच्या खांद्यांवर पाण्याचे थेंब होते. उजवी पडली असती तर मी हेमाला ह्यांच्या मागे गादीवर बसवलं असतं, मला माहीत होतं. मी तशीच आहे.

“लावू का वहिनी?”

“थांब,” मी म्हटलं. “आज काही विचारायचं नाही.”

“का?” हे म्हणाले. “तुझा विश्वास नाही?”

“आहे. म्हणूनच.”

“म्हणजे काय?”

“मला नीट सांगता नाही येत,” मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं. आजही सांगता येत नाही. हेमा आता स्वतः मुलींना शिकवते, बदलीच्या गावी राहते, आणि तिची मुलगी मला विचारते की आजी, तू देवीचं ऐकलंस की नाही ऐकलंस. मी तिला म्हणते, जेवून घे.

त्या दिवशी हे पायरी उतरले. मग सायकलीपाशी गेले, मागचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं.

“हवा बसलीय. दोघींच्या वजनाने.” आणि तसंच खाली बघत हेमाला म्हणाले, “सुरूच्या बनात थांबायचं नाही. कोणी हाक मारली तरी.”

“नाही थांबणार, बाबा.”

“आणि दिवेलागणीच्या आत घरी.”

“हो.”

“आणि ती ओढणी अशी लोंबती ठेवू नकोस. अर्धंच चेनकव्हर आहे.”

ते पुढे चालू लागले. हेमाने ओढणी कमरेला आवळली आणि सायकल हातात धरून, त्यांच्या दोन पावलं मागून, निघाली. बसली नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत दोघं तशीच चालत गेली.

शांताराम तळहातावर त्या दोन ओल्या कळ्या घेऊन दारात उभा होता. “यांचं काय करू वहिनी? भिजवलेल्या परत ठेवता येत नाहीत.”

मी त्या घेतल्या आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. घरी पोहोचेपर्यंत गाठ ओलीच होती.